दुसऱ्या पसंतीचा हक्क

डॉन यंग १९७३ पासून अमेरिकी प्रतिनिधिगृहात अलास्काचे खासदार होते. अलास्का आकाराने अवाढव्य, वस्तीने विरळ. त्यामुळे साऱ्या राज्याला मिळून एकच जागा, आणि त्या जागेवर ४९ वर्षे एकच माणूस. १८ मार्च २०२२ रोजी यंग वारले, पोटनिवडणूक लागली आणि ४८ जण रिंगणात उतरले. माजी गव्हर्नर सेरा पेलिन त्यांत होत्या. नॉर्थ पोल नावाच्या गावचा एक नगरसेवक होता, त्याचे कायदेशीर नाव सांता क्लॉज. राज्यातल्या जुन्या राजकीय घराण्यातले निक बेगिच होते. आणि मेरी पेल्टोला होत्या: युपिक या मूलनिवासी समाजातल्या, दहा वर्षे आमदारकी केलेल्या, पण राज्याबाहेर फारशा कुणाला माहीत नसलेल्या.

ही निवडणूक नव्या नियमांनी होणार होती. २०२० मध्ये अलास्काच्या मतदारांनी सार्वमत घेऊन, अवघ्या ३,७८१ मतांच्या फरकाने, जुनी पद्धत मोडीत काढली होती. पूर्वी प्रत्येक पक्ष आपापल्या प्राथमिक निवडणुकीतून उमेदवार ठरवी. आता सगळे उमेदवार एकाच यादीत, आणि त्यांतले पहिले चार मुख्य निवडणुकीत. तिथे मतदाराने एकाच नावापुढे खूण करून न थांबता पहिली पसंती कोण, दुसरी कोण, तिसरी कोण असा क्रम लावायचा. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते कुणालाच नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात.

आपल्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मतदान केले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. जांभळ्या स्केच पेनने १, २, ३ लिहिणारा मतदार महाराष्ट्रात आहे. फरक एवढाच की आपल्याकडे हा अधिकार पदवीधराला, शिक्षकाला आणि लोकप्रतिनिधीला आहे. अलास्कात तो मासेमारी करणाऱ्यालाही मिळाला. अमेरिकेत आज राज्याराज्यांतून जे भांडण पेटले आहे, ते या साध्या क्रमावरून.

पोटनिवडणुकीतल्या पहिल्या चारांपैकी एकाने माघार घेतली आणि १६ ऑगस्टला तिघांत लढत झाली. पहिल्या पसंतीची मते अशी: पेल्टोला ७५,७९९, पेलिन ५८,९७३, बेगिच ५३,८१०. पेल्टोला डेमोक्रॅट, उरलेले दोघे रिपब्लिकन. टपालाने येणारी मतपत्रिका उशिरापर्यंत स्वीकारली जात असल्याने दुसऱ्या फेरीसाठी ३१ ऑगस्ट उजाडला. बेगिच बाद झाले. त्यांच्या मतपत्रिकांपैकी २७,०५३ पेलिनकडे गेल्या, १५,४६७ पेल्टोलांकडे, आणि ११,२९० मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती. अखेरचा हिशेब: पेल्टोला ९१,२६६, पेलिन ८६,०२६. अलास्काच्या मूलनिवासींमधून पहिल्यांदाच कुणीतरी अमेरिकी संसदेत गेले.

निकाल लागताच अर्कान्सासचे सिनेटर टॉम कॉटन यांनी ही पद्धत म्हणजे निवडणुकीत केलेली लबाडी आहे असा जाहीर आरोप केला. साठ टक्के लोकांनी रिपब्लिकनांना मत दिले आणि निवडून आली डेमोक्रॅट, हे कसे, असा त्यांचा सवाल. आकडा बरोबर आहे. दोन रिपब्लिकनांची मते मिळून साठ टक्क्यांच्या जवळ जातात. पण बेगिच यांना पहिली पसंती देणाऱ्या साडेपंधरा हजार लोकांनी पेल्टोलांना दुसरी पसंती दिली, ती स्वतःच्या हाताने. त्यांना पेलिन नको होत्या. पक्ष एक म्हणून मतदाराचे मन एक, असे गृहीत धरायचा अधिकार कुठल्याही सिनेटरला नाही. ज्या अकरा हजारांनी दुसरी पसंती लिहिलीच नाही, त्यांनीही काहीतरी सांगितलेच होते.

टीका म्हणून जास्त वजनदार आहे ती गणितज्ञांची, आणि ती या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी नीट ऐकायला हवी. अलास्काने प्रत्येक मतपत्रिकेवरचा क्रम मतदाराचे नाव न देता खुला केला. तो तपासल्यावर कळले की बेगिच आणि पेल्टोला अशी सरळ लढत असती तर बेगिच जिंकले असते. बेगिच आणि पेलिन अशी असती, तरी बेगिचच. म्हणजे दोघांनाही समोरासमोर हरवू शकणारा माणूस पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण तो अनेकांची दुसरी पसंती होता आणि तिघांत सर्वांत कमी लोकांची पहिली. याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. पेलिन यांना पहिली आणि बेगिच यांना दुसरी पसंती देणारे काही हजार मतदार त्या दिवशी घरीच बसले असते, तर तळाला पेलिन गेल्या असत्या, बेगिच पुढे आले असते आणि या मतदारांना सर्वांत नकोशा असलेल्या पेल्टोला हरल्या असत्या. मत दिल्याने स्वतःचेच नुकसान होते, हा दोष लहान नाही. व्हर्मॉन्ट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत नेमके असेच झाले, आणि पुढच्याच वर्षी शहराने पद्धत रद्द केली. २०२१ मध्ये त्याच शहराने ती पुन्हा स्वीकारली, हेही नोंदवायला हवे.

पण याच आकड्यांवर एकाच खुणेची पद्धत लावली असती, तर पेल्टोला चाळीस टक्क्यांवर निवडून आल्याच असत्या. बेगिच यांच्यावरचा अन्याय तिथेही झाला असता, फक्त तो कुणाला दिसला नसता. एक खूण असलेली मतपत्रिका मतदाराच्या मनातले इतके कमी सांगते की तिच्यातून असा दोष शोधताच येत नाही. अलास्कात दोष दिसला, कारण मतदारांना अधिक बोलायला मिळाले होते. माझ्या मते या साऱ्या वादातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष फार कमी जाते.

•

अलास्काच्या आधी ही वाट मेन राज्याने धरली होती. २०१० च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पॉल लपाज सुमारे ३८ टक्के मतांवर निवडून आले. अपक्ष एलियट कटलर ३६ टक्क्यांवर होते आणि डेमोक्रॅट उमेदवार १९ टक्क्यांवर. मतविभाजन कशाला म्हणतात हे महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. लपाज यांची आठ वर्षांची कारकीर्द वादळी ठरली, आणि साठ टक्क्यांहून अधिक लोकांना नको असलेला माणूस निवडून आला ही सल कायम राहिली. २०१६ मध्ये मतदारांनी सुमारे ५२ टक्क्यांनी पसंतीक्रमाचा कायदा मंजूर केला.

इथे इतिहास आडवा आला. मेनच्या मूळ घटनेत गव्हर्नर व्हायला निम्म्याहून अधिक मते लागत. ती नसतील तर निवड विधिमंडळाकडे. १८७९ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळाले नाही, आणि विधिमंडळात कोण बसणार यावरूनच रणकंदन माजले. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या मंडळाने कागदपत्रांतल्या चुकांचे निमित्त करून विरोधकांच्या कित्येक जागांचे निकाल फिरवले. ऑगस्टा या राजधानीत सशस्त्र जमाव गोळा झाले. जानेवारी १८८० मध्ये गेटिसबर्गच्या लढाईचे नायक जनरल जोशुआ चेंबरलेन यांनी बारा दिवस राजभवन सांभाळले आणि गोळी न झाडता प्रकरण न्यायालयापर्यंत नेले. त्यानंतर घटना बदलण्यात आली: सर्वाधिक मते मिळतील तो गव्हर्नर, निम्म्याची अट नको.

त्या दुरुस्तीचा हवाला देत मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मत दिले की गव्हर्नर आणि राज्य विधिमंडळाच्या मुख्य निवडणुकांना पसंतीक्रम लावणे घटनेशी विसंगत आहे. विधिमंडळाने कायदाच लांबणीवर टाकला. लोकांनी पुन्हा सह्या गोळा केल्या आणि जून २०१८ च्या सार्वमतात विधिमंडळाचा निर्णय उलटवला. परिणाम चमत्कारिक आहे. मेनचा मतदार खासदार, सिनेटर आणि राष्ट्राध्यक्ष यांना पसंतीक्रमाने निवडतो, पण ज्या गव्हर्नरपदापायी ही चळवळ उभी राहिली, त्याच्या मुख्य निवडणुकीत त्याला तो हक्क मिळाला नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मेनच्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन खासदार ब्रूस पॉलिक्विन पहिल्या फेरीत किंचित पुढे होते. अपक्षांची मते हस्तांतरित झाल्यावर जॅरेड गोल्डन जिंकले. पॉलिक्विन न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले.

•

आपल्याकडे हा विषय परका मानला जातो, म्हणून थोडे घराकडे वळतो. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक ही भारतातली अशी एकमेव राष्ट्रपती निवडणूक, जिच्यात दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेली. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या झुंजीत तिसरे मुख्य उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा फेकणारे देशमुख. त्यांच्या पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य १,१२,७६९ होते. कुणालाच बहुमत न मिळाल्याने देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतांचा मोठा हिस्सा रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. देशमुखांनी मते खाल्ली असे कुणाला म्हणता आले नाही. त्यांच्या मतदारांचा दुसरा विचार मोजूनच निकाल लागला होता.

अलीकडचे उदाहरण १० जून २०२२ चे. राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, भाजपचे धनंजय महाडिक यांना २७. भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांची कोट्यावरची, म्हणजे विजयाला लागणाऱ्या मतांहून जास्तीची, मते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली आणि ते एक्केचाळीसच्या पुढे गेले. त्या रात्री सारा महाराष्ट्र दूरचित्रवाणीसमोर बसून दुसऱ्या पसंतीचे गणित शिकत होता.

मग सामान्य मतदाराला हा हक्क का नाही? संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी एकल संक्रमणीय मताची मागणी केली होती. मतदार पसंतीचे आकडे लिहून अनेक सदस्य निवडतो आणि जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, अशी ती पद्धत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आकडे लिहिण्यासाठी अक्षरओळख लागते आणि देशात ती फार थोड्यांना आहे. शिवाय प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही. त्या वेळच्या भारतात हे उत्तर अचूक होते. दुसरा मुद्दा एका जागेच्या पसंतीक्रमाला लागू होत नाही, कारण तिथे निवडून एकच जण येतो. पहिल्या मुद्द्यावर अलास्काचा अनुभव बोलका आहे. राज्याने युपिकसह मूलनिवासी भाषांत साहित्य छापले, आणि क्रमातला एखादा आकडा गाळला तरी मत पुढच्या पसंतीकडे सरकेल असा उदार नियम ठेवला. बाद मते नगण्य राहिली.

आता आपल्याकडचे बघू. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघाची मोजणी दिवस उलटून गेला तरी चालली होती. एकेक उमेदवार बाद होत गेला, कोटा कुणालाच गाठता आला नाही, आणि शेवटी काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी माजी राज्यमंत्री रणजित पाटील यांना हरवले. अवैध मतांची संख्या दोघांमधल्या अंतराहून मोठी होती. मतदार कोण? पदवीधर. आकड्याऐवजी ‘एक’ असे अक्षरात लिहिले, बरोबरची खूण केली, दोघांपुढे १ लिहिले, आयोगाने दिलेल्या पेनऐवजी स्वतःचे पेन वापरले, की मत बाद. मनातली पसंती स्पष्ट दिसत असूनही बाद. दोष शिक्षणाचा म्हणून मतदाराच्या माथी मारता येत नाही. तो नियमांच्या कडकपणात आणि मतदाराला न सांगण्यात आहे.

आणि जिथे पसंतीक्रम नाही, तिथे काय होते? २०१९ मध्ये नांदेडच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजार मतांनी भाजपच्या प्रतापराव चिखलीकरांकडून हरले, आणि वंचित बहुजन आघाडीच्या यशपाल भिंगे यांना १ लाख ६६ हजारांच्या घरात मते मिळाली. पुढची कित्येक वर्षे ‘वंचित’च्या मतदाराला भाजपची ‘बी टीम’ म्हणून हिणवले गेले. त्या दीड लाखाहून अधिक माणसांची दुसरी पसंती कोण होती, हे त्यांना कुणी विचारलेच नाही. आपल्या माणसाला मत दिल्याबद्दल ज्याला अपराधी ठरवले जाते, त्या मतदाराची या पद्धतीत सुटका होते. मला पसंतीक्रमाचे सर्वांत मोठे बळ इथे वाटते. लहान पक्षाचा, वगळलेल्या समाजाचा, अपक्षाचा मतदार ताठ मानेने पहिली पसंती देऊ शकतो.

•

अमेरिकेतही मूळ दुखणे हेच आहे, फक्त ते प्राथमिक निवडणुकीत लपलेले असते. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकी प्रतिनिधिगृहात गेले. डेट्रॉइटचा हा भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. प्राथमिक निवडणूक जिंकली की नोव्हेंबरची जवळजवळ ठरलेलीच. त्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. नियम तोच होता आणि ते नियमानेच जिंकले. पण उरलेल्या बहात्तर टक्क्यांचे त्यांच्याविषयी काय मत होते, हे त्या मतपत्रिकेतून कळायला मार्ग नव्हता. कदाचित बहुसंख्यांची दुसरी पसंती तेच असतील. तसे असते तर त्यांचा विजय कितीतरी भक्कम दिसला असता.

पसंतीक्रमाच्या पुरस्कर्त्यांना २०२४ हे आपले वर्ष ठरेल असे वाटत होते. नोव्हेंबरात ऑरेगन, कोलोरॅडो, नेवाडा आणि आयडाहो या चार राज्यांनी त्यांचे प्रस्ताव फेटाळले. आयडाहोत तर सुमारे सत्तर टक्के लोक विरोधात गेले. नेवाडाचा पराभव जास्त झोंबणारा, कारण तिथल्या मतदारांनी दोनच वर्षांपूर्वी हाच प्रस्ताव मंजूर केला होता. घटनादुरुस्तीसाठी तो दोनदा मंजूर व्हावा लागतो. मिसूरीने या पद्धतीवर घटनेतच बंदी घातली. ज्यांना नागरिकत्व नाही त्यांना मतदानाचा अधिकार नाही, हे तिथे आधीपासूनच असलेले कलम त्याच प्रस्तावात जोडले होते, आणि दोन वेगळ्या गोष्टींना मिळून एकच उत्तर मतदाराला द्यावे लागले. राजधानी वॉशिंग्टनच्या मतदारांनी मात्र पसंतीक्रम मोठ्या बहुमताने स्वीकारला. फ्लोरिडा आणि टेनेसीने २०२२ मध्ये बंदीची सुरुवात केली होती. आता बंदी घालणाऱ्या राज्यांची संख्या डझनाच्या पुढे आहे.

या पराभवांमागे उजवे-डावे असे सरळ चित्र नाही. अलास्का आणि मिसूरीत रिपब्लिकन विरोधात होते. नेवाडात डेमोक्रॅट नेते विरोधात होते, आणि वॉशिंग्टनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षच प्रस्तावाविरुद्ध न्यायालयात गेला होता. जिथे ज्या पक्षाची सत्ता पक्की, तिथे तो पक्ष नाराज. कारण कोलोरॅडो, नेवाडा आणि आयडाहोच्या प्रस्तावांत पसंतीक्रम एकटा नव्हता. पक्षाची प्राथमिक निवडणूक मोडून सर्वांसाठी खुली करण्याचा भागही त्यात होता. उमेदवार ठरवायचा अधिकार पक्षाच्या हातून जाणार, हे कार्यकर्त्यांना झोंबले. त्यात प्रस्तावांच्या बाजूने बाहेरच्या धनाढ्य देणगीदारांचे कोट्यवधी डॉलर ओतले गेले. लोकांचा हक्क लोकांपर्यंत न्यायचा तर गावोगाव माणसे उभी करावी लागतात. जाहिरातींनी ते काम होत नाही. सुधारकांनी ही चूक मान्य करायला हवी.

विश्वासाचा प्रश्नही खरा आहे. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत निवडणूक मंडळाने चाचणीसाठी वापरलेल्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिका निकालात मिसळल्या आणि आकडे मागे घ्यावे लागले. चूक माणसांची, पण बदनाम झाली पद्धत. त्याच शहरात २०२५ मध्ये चांगली बाजूही दिसली. जोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर या प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या मतदारांना एकमेकांना दुसरी पसंती द्यायला जाहीरपणे सांगितले, एकत्र प्रचार केला, आणि ममदानी अखेरच्या फेरीत ५६ टक्क्यांवर जिंकले. दुसऱ्याच्या मतदाराचे मन दुखवून भागत नाही, हे उमेदवाराला कळू लागते.

अलास्काने २०२४ मध्येच पद्धत रद्द करावी का यावर सार्वमत घेतले. तीन लाखांहून अधिक लोकांनी मत दिले आणि फेरमोजणीनंतर साडेसातशेहून कमी मतांनी पद्धत वाचली. त्याच दिवशी पेल्टोला हरल्या आणि निक बेगिच खासदार झाले. या वेळी बहुतेक रिपब्लिकन त्यांच्यामागे एकवटले होते. ज्या पद्धतीला डेमोक्रॅटांचा डाव म्हटले गेले, तिनेच रिपब्लिकन निवडून दिला. २०२२ मध्ये सिनेटर लिसा मर्कोव्स्की याच पद्धतीने ट्रम्प यांच्या उमेदवाराला हरवून परतल्या होत्या. आणि त्यानंतर राज्याच्या सिनेटमध्ये वीसपैकी सतरा सदस्यांनी, नऊ डेमोक्रॅट आणि आठ रिपब्लिकन, मिळून सत्ताधारी आघाडी केली. अलास्कात अशा आघाड्यांची परंपरा जुनी आहे, त्यामुळे सारे श्रेय पद्धतीला देणार नाही. पण शेजारच्या पक्षाशी हातमिळवणी केली म्हणून प्राथमिक निवडणुकीत कापले जाण्याची भीती कमी झाली, हे नक्की.

रद्द करण्याची नवी मोहीम तिथे २०२५ मध्ये सुरू झाली. माझे मत विचाराल तर अलास्काने ही पद्धत टिकवावी, आणि मेनने घटनादुरुस्ती करून ती गव्हर्नरपदापर्यंत न्यावी. बेगिच यांच्याबाबत झाले तसे दोष दुरुस्त करता येण्याजोगे आहेत: उमेदवार बाद करण्यापूर्वी समोरासमोरच्या लढतींचा हिशेब पाहण्याच्या मोजणीच्या रीती गणितात उपलब्ध आहेत. मतदाराचा दुसरा विचार कायद्याने पुसून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही.

महाराष्ट्रापुरती मागणी याहून सोपी आहे, आणि तिला संविधान बदलावे लागत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर अक्षरात लिहिलेले ‘एक’ ग्राह्य धरावे. मतदानाआधी प्रत्येक मतदाराच्या हाती नमुना मतपत्रिका पडावी. आणि मोजणी संपल्यावर अलास्काप्रमाणे प्रत्येक मतपत्रिकेवरचा क्रम, नाव-गाव वगळून, सर्वांसाठी खुला करावा. पुढच्या निवडणुकीत तुम्ही पदवीधर किंवा शिक्षक म्हणून मतदानाला पात्र असाल, तर नोंदणी करा, पहिल्या आकड्यावर थांबू नका, आणि या मागणीला तुमच्या उमेदवाराचा पाठिंबा मतदानाआधी लेखी घ्या.